सायकल मेकॅनिक व्हायचे आहे: आधी उस्ताद की आधी कोर्स?

बडोद्यात दहावीचा निकाल लागला की ओळखीतल्या एखाद्या घरातून दरवर्षी तोच प्रश्न माझ्याकडे येतो. मुलाचे पुस्तकात लक्ष नाही, पण शेजारपाजारच्या सायकली तो खोलतो आणि पुन्हा जोडतोही. त्याला सायकल दुरुस्तीच्या एखाद्या कोर्सला घालावे, की रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात कोणाच्या दुकानावर बसवावे? गेल्या वर्षी एका काकूंनी तर कोर्सचे छापील माहितीपत्रकच माझ्यापुढे ठेवले आणि "तुम्ही दोन्ही केलंय, तुम्हीच सांगा" असे म्हणून चहा होईपर्यंत त्या गप्प बसून राहिल्या. दोन्ही केले आहे हे खरे. पंधराव्या वर्षी मी उस्तादांच्या दुकानात शिरलो, अडीच वर्षांनी आयटीआयमध्ये फिटरचा (यंत्राचे भाग घासून-जुळवून बसवण्याचा) ट्रेड घेतला, पुढे काही वर्षे मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी केली आणि शेवटी सायकलकडेच परत आलो.

त्या काकूंना जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहितो. शिक्षण घ्यावे, पण क्रमाने घ्यावे: किमान सहा महिने चालत्या दुकानात, त्यानंतर जमत असेल तर आयटीआय, आणि गिअर, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) ब्रेक किंवा बॅटरीचा छोटा कोर्स सर्वांत शेवटी, तोही त्या कामाचे गिऱ्हाईक दारात येऊ लागल्यावर. हा क्रम उलटा करणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, स्क्रूंची नावे पाठ असतात आणि घाईच्या वेळी पंक्चर काढताना त्यांचे हात थरथरतात.

दुकानात काय मिळते

उस्तादांनी पहिला महिनाभर माझ्याकडून फक्त हवा, पंक्चर आणि झाडलोट एवढेच करून घेतले. दुसऱ्या महिन्यात एका दूधवाल्याची काळी २८ इंची सायकल आली आणि तिची कॉटर पिन, म्हणजे पायडलची दांडी (क्रँक) एक्सलला जखडणारी खीळ, कशी काढायची ते त्यांनी मला जवळ बसवून दाखवले. पिनेचा नट त्यांनी पूर्ण काढला नाही; तो पिनेच्या टोकाशी येईल इतका सैल केला, म्हणजे घाव नटावर पडेल आणि पिनेचे आटे चेपले जाणार नाहीत. मग जाड पाइपाचा एक तुकडा क्रँकखाली असा उभा केला की पिनेचे जाड डोके पाइपाच्या पोकळीत उतरेल आणि क्रँकचा सगळा भार थेट जमिनीवर जाईल. त्यानंतर हातोडीचा घाव एकच मारला, पण पुरता. टेकू कशासाठी, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "टेकू नाही दिला तर कप मरतो," आणि पुढच्या सायकलकडे वळले.

कप म्हणजे ज्या वाटीत एक्सलचे छर्रे फिरतात ती; कप मरतो म्हणजे काय होते, हे मला सुमारे अडीच वर्षांनी आयटीआयच्या वर्गात कळले. टेकू नसेल तर घावाचा धक्का एक्सलमधून छऱ्यांवर जातो आणि छर्रे कपाच्या गुळगुळीत वाटेवर बारीक खळगे पाडतात. मग कितीही ग्रीस भरले तरी पायडल मारताना कटकट थांबत नाही. उस्तादांना हे कारण सांगता आले नसते, पण त्यांच्या हातून कप कधी मेला नाही. मला कारण पाठ असते आणि पाइप कोठे धरायचा हे ठाऊक नसते, तर दूधवाल्याची सायकल मी नक्कीच बिघडवली असती.

एक सायकल मी बिघडवलीही. उस्ताद दुपारी जेवायला गेले असताना एका सायकलचा बी. बी. (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पायडलांमधला) एक्सल काढायला बसलो. डावा कप सहज निघाला. उजवा, म्हणजे चेनच्या बाजूचा, हलेना. मी पान्याला दोन फुटी पाइप लावला आणि नेहमीच्या दिशेने, डावीकडे, सगळा जोर लावला. त्या कपाला उलटे आटे असतात. मी तो सोडवत नव्हतो, आणखी आवळत होतो. शेवटी पाना निसटला, कपाची कडा तुटली, आणि पुढे तो कप काढता काढता फ्रेमचे आटेही गेले. १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे या मापाचा तो इंग्लिश बी. बी. होता, आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना हेच माप असते, हे मला त्या दिवशी माहीत असण्याचे कारण नव्हते. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी भिंतीवर खडूने दोन ओळी लिहायला लावल्या: उजवा कप उलटा, डावा पायडल उलटा. मी दुकान सोडेपर्यंत त्या ओळी कोणी पुसल्या नाहीत.

म्हणून पहिली पायरी म्हणजे चांगला उस्ताद शोधणे, आणि त्यासाठी चौकशीपेक्षा नजर अधिक उपयोगी पडते. दोन-तीन संध्याकाळी दुकानासमोर उभे राहून पाहावे. हब (चाकाचा मधला भाग) उघडल्यावर जुने छर्रे धुऊन पुन्हा भरतात की खराब झालेले फेकून नवे घालतात? कपाचा लॉक फिरवायला त्यासाठीचा पाना वापरतात की छिन्नी आणि हातोडी? चाकाचा आउट, म्हणजे रिमचे डावे-उजवे डोलणे, काढताना कारागीर नुसता आरे आवळत सुटतो, की एका बाजूचा आवळून समोरच्या बाजूचा सैलही करतो? दुकानातून शिकून गेलेल्या मुलांपैकी कोणाचे स्वतःचे दुकान आहे का, हेही विचारावे; असेल तर उस्ताद शिकवतात, नसेल तर बहुधा राबवून घेतात. हातखर्च, सुट्टी आणि जेवणाची वेळ पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी. मुलगा चौदा वर्षांच्या आतला असेल तर त्याला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा एवढ्या लहान मुलाला आवड असली तरी त्याने घरची सायकल खोलावी, दुकानात जाऊ नये.

सहा महिन्यांत मुलाला पुढील कामे कोणी शेजारी न बसता यायला हवीत: पंक्चर, टायर-ट्यूब बदलणे, ब्रेकच्या तारा व रबर बदलणे, दोन्ही चाकांचे ओव्हरऑयलिंग (हब उघडून, धुऊन नवे ग्रीस भरणे), चेन तोडून जोडणे आणि साधा आउट काढणे. मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंचाचे नऊ आणि पुढच्यात ३/१६ इंचाचे दहा छर्रे असतात. हे आकडे पाठ झाले नाहीत तरी चालेल, पण उघडण्याआधी मोजायची सवय हाताला लागलीच पाहिजे. सहा महिन्यांनंतरही मुलगा दुकानात जायला कंटाळत असेल, तर कोर्सची फी वाचली असे समजावे आणि दुसरा विचार करावा.

दुकान जेथे अपुरे पडते

कारखाना सोडून परत आल्यावर अकोट्याकडच्या एका गिऱ्हाइकाची गिअरची सायकल माझ्याकडे आली. पुढचे चाक मी उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे बांधले: कोन, म्हणजे छर्रे दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे नट, हाताने आवळत आणले, एक्सल फिरवून पाहिला, चाकात जराही ढिलेपणा राहू दिला नाही. सायकल दिली, आणि चार दिवसांनी चाक जड फिरते अशी तक्रार घेऊन तेच गिऱ्हाईक परत आले. चूक अशी होती की त्या चाकाला क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायची दांडी, होते. त्याची कांडी पोकळ एक्सलमधून जाते आणि दांडी दाबली की एक्सल किंचित दाबला जातो. त्यामुळे चाक बाहेर असताना बरोबर वाटणारे कोन फ्रेममध्ये बसवल्यावर आवळले जातात. अशा हबमध्ये चाक बाहेर असताना अगदी पुसटसा ढिलेपणा मुद्दाम ठेवायचा असतो. उस्तादांचे सगळे आयुष्य नटवाल्या एक्सलवर गेले होते, त्यांना हे सांगण्याची वेळच आली नव्हती.

दुकानाच्या ज्ञानाची ही मर्यादा आहे: ते समोर आलेल्या सायकलींपुरते असते. रस्त्यावरच्या सायकली बदलल्या की त्यातला काही भाग निरुपयोगी होतो आणि काही भाग धोकादायकही होतो. ब्रेक ऑइलचे उदाहरण घ्या. शिमानो या जपानी कंपनीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते आणि दुसऱ्या काही ब्रेकमध्ये मोटारींसारखे डॉट द्रव. एका दुकानातल्या मुलाने मोटारसायकलच्या कामातून उरलेले डॉट मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये भरलेले मी पाहिले आहे. पहिल्या दिवशी ब्रेक उत्तम लागला. नंतर आतले रबरी सील फुगले, लिव्हर परत येईना आणि अख्खा ब्रेक फेकावा लागला. तो मुलगा कामाला वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

टायरचे मापही असेच फसवे असते. '२६ इंची' म्हणून मिळणाऱ्या २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ या दोन टायरांच्या बैठकीचा (रिमवर टायर बसतो त्या जागेचा) व्यास अनुक्रमे ५५९ आणि ५९० मिलीमीटर असतो आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसणे शक्य नाही. जुन्या २८ × १ १/२ ची बैठक ६३५, तर ७००सी ची ६२२. लांबून दोन्ही चाके सारखीच दिसतात. हा तीन आकडी अंक टायरच्या बाजूवर छापलेला असतो आणि तो वाचायची सवय लागली की गिऱ्हाइकाला दोनदा बाजारात पाठवावे लागत नाही. हे शिकायला कोर्स लागत नाही. वाचायचे कोठे, एवढे सांगणारा माणूस मात्र लागतो.

आयटीआयची दोन वर्षे

औपचारिक शिक्षण म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर 'सायकल मेकॅनिक' असे छापलेले प्रमाणपत्र येते. माझा सल्ला असा आहे की त्या नावाच्या मागे लागू नये आणि सरकारी आयटीआयमधला फिटरचा ट्रेड पाहावा. बडोद्यात गोरवा आणि तरसाली या दोन्ही ठिकाणी आयटीआय आहेत. फिटर दहावीनंतर दोन वर्षांचा आहे. वेल्डर एक वर्षाचा असून त्याला आठवी उत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळतो. सरकारी संस्थेची फी खासगी कोर्सच्या तुलनेत नगण्य असते. अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास निघतात, त्यामुळे घरात चर्चा एप्रिलमध्येच झालेली बरी.

फिटरच्या वर्गात सायकल कोठेच नसते आणि पहिले काही आठवडे लोखंडाचा ठोकळा कानशीने घासण्यात जातात. मुले येथेच वैतागतात. तो ठोकळा काटकोनात आणायला मला तीन आठवडे लागले होते आणि त्याचा उपयोग काय, असे मीही घरी विचारले होते. उपयोग पुढे दिसला. व्हर्निअरने ०.०२ मिलीमीटर आणि मायक्रोमीटरने ०.०१ मिलीमीटर वाचता येऊ लागले की सीट पोस्टचा व्यास '२७ च्या आसपास' असे कोणी म्हटलेले चालेनासे होते, कारण २७.० आणि २७.२ हे दोन वेगळे पोस्ट आहेत आणि चुकीचा पोस्ट ठोकून बसवला की फ्रेमची नळी फाटते. टॅपने आटे पाडायला शिकल्यावर मी ज्या प्रकारच्या फ्रेमचे आटे घालवले होते तशा फ्रेम आता वाचवू शकतो. उलटा टॅप हातात धरला त्या दिवशी मला भिंतीवरच्या खडूच्या ओळी आठवल्या.

आणखी एक फायदा व्यवहारातला आहे. सायकलच्या धंद्यात मन रमले नाही किंवा घरची गरज वाढली, तर फिटरचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत उपयोगी पडते. सायकल कोर्सच्या प्रमाणपत्राकडे तेथे कोणी बघणार नाही.

बडोद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे, हे आपल्याला माहीत असायला हरकत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले आणि त्याची सूत्रे त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिली. कारागिराला त्याच्या हाताच्या कामामागचे शास्त्र शिकवावे आणि तेही त्याला समजेल अशा देशी भाषेत, अशी त्यामागची दृष्टी होती. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. आज ती संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत सामावलेली आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण कोर्स इंग्रजीत असल्यामुळे मागे पडलेला मुलगा 'याला डोकं नाही' असे ऐकून घरी येतो. कोर्स निवडताना शिकवण्याची भाषा कोणती, हा प्रश्न फीच्या आधी विचारावा. मराठी मिळणार नाही, पण गुजराती किंवा हिंदी असावीच.

छोटा कोर्स: फी भरण्याआधी

ब्रिटनमध्ये सायटेक नावाची सायकल मेकॅनिकांसाठीची प्रशिक्षणपद्धती आहे आणि तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. तेथील दुकाने नोकरी देताना त्या विचारात घेतात. मुलाला पुढे परदेशी जायचे असेल, किंवा मोठ्या शहरातल्या महागड्या सायकलींच्या शोरूममध्ये नोकरी हवी असेल, तर कागदाला किंमत आहे. मांडवीजवळच्या दुकानात पायडलची कटकट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाने मात्र मला आजवर कधी प्रमाणपत्र विचारलेले नाही.

येथे कोर्स घ्यायचा की नाही, हे ठरवायला माझ्याकडे वहीचा उपाय आहे. दुकानात बसणाऱ्या मुलाने महिनाभर प्रत्येक सायकलची एका ओळीत नोंद करावी: साधी की गिअरची, ब्रेक कोणता, काम काय निघाले आणि कोणते काम आपल्याला न आल्यामुळे परत पाठवले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. परत पाठवलेल्या कामांची महिन्याची मजुरी किती झाली असती ते काढावे आणि कोर्सच्या फीला त्या रकमेने भागावे. उत्तर येईल तितक्या महिन्यांत फी वसूल होईल. सहा-आठ महिन्यांच्या आत होत असेल तर कोर्स करावा. तीन वर्षे लागणार असतील तर थांबावे. त्या काकूंच्या मुलाने दोन महिने वही लिहिली, तेव्हा परत गेलेल्या सायकलींत हायड्रॉलिक ब्रेकची एकच निघाली. बाकी सगळ्या गिअर लागत नाहीत म्हणून परत गेल्या होत्या, आणि तेवढ्यासाठी कोर्सची गरज नव्हती.

गिअरचे काम नीट शिकवायला एक रविवार पुरतो. तार मोकळी करून आधी दोन मर्यादा स्क्रू लावावेत, म्हणजे चेन सर्वांत लहान चक्राच्या बाहेर आणि सर्वांत मोठ्या चक्राच्या आत आरांमध्ये जाणार नाही. मग तार बांधून तिचा ताण बॅरलने (तारेच्या टोकाच्या फिरकीने) अर्धा अर्धा फेरा फिरवत जुळवावा. तरीही गिअर मध्येच उड्या मारत असतील तर डिरेलर ज्या लहान पट्टीवर टांगलेला असतो ती मागून पाहावी. सायकल उजव्या बाजूला पडली की ती पट्टी आत वाकते आणि मग तारेशी कितीही झटापट केली तरी उपयोग होत नाही. त्या मुलाने पहिल्या चार सायकलींत तारच ओढली, पाचव्यात पट्टी पाहिली.

कोर्सची जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका संस्थेत मी चौकशीला गेलो होतो (कोठे ते सांगत नाही). भिंतीवर हत्यारे ओळीने टांगलेली होती, एकाही हत्याराला ग्रीसचा डाग नव्हता. स्टँडवर एक सायकल, भोवती बारा मुले. शिक्षक स्क्रू फिरवत होते आणि मुले मोबाइलवर त्याचे चित्रण करत होती. माझ्या लेखी असा कोर्स म्हणजे महागडा व्हिडिओ. संस्थेत तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्येक मुलगा सुट्या आऱ्यांपासून स्वतः एक पूर्ण चाक बांधतो का, हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा स्वतःच्या हाताने काढतो का, आणि बिघडलेल्या सायकली कोठून आणतात. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर गोंधळले तर निघून यावे. नव्या कोऱ्या सायकलवर दुरुस्ती शिकता येत नाही. गंजलेला नट आणि कुजलेली तार तेथे भेटतच नाही.

फी परवडत नसेल तर बराच भाग फुकट मिळतो. शिमानो आपल्या सुट्या भागांच्या तांत्रिक पुस्तिका इंटरनेटवर मोफत ठेवते. त्यांत इंग्रजी थोडे आणि आकृत्या भरपूर असतात. अमेरिकेतील शेल्डन ब्राऊन हे मेकॅनिक २००८ मध्ये वारले, पण सायकलीच्या मापांवर आणि जुन्या भागांवर त्यांनी लिहून ठेवलेली पाने अजून इंटरनेटवर वाचायला मिळतात. टायरच्या त्या तीन आकड्यांचा सगळा पसारा मला तेथेच उमगला. व्हिडिओ पाहावेत, पण समोर तीच सायकल खोलून ठेवून पाहावेत.

सायकल दुकानातून निघून कोठपर्यंत जाता येते याचे उदाहरण म्हणून राइट बंधूंचे नाव घेतले जाते. त्यांनी १८९२ मध्ये ओहायोमधील डेटन येथे सायकलचा धंदा सुरू केला आणि दोघांकडेही कॉलेजची पदवी नव्हती. ही गोष्ट सांगणारे लोक पुढचे विसरतात: १९०१ मध्ये त्यांनी वाऱ्याची नळी स्वतः बनवली आणि विमानाच्या पंखांचे लहान नमुने तीत ठेवून कित्येक आठवडे मापे घेतली. शाळा नको म्हणणाऱ्या मुलाला मी हा भाग आवर्जून सांगतो.

बॅटरीच्या सायकली

या एका बाबतीत मात्र माझा सल्ला उलटा आहे: आधी शिका, मग हात लावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतर कित्येक आठवडे आमच्याकडे गाळ भरलेल्या सायकली येत होत्या. साध्या सायकलीचे काम सरळ होते: सगळे छर्रे काढा, रॉकेलने धुवा, नवे ग्रीस भरा. बॅटरीवाल्या सायकलीही आल्या, आणि एका मालकाने बॅटरी दोन दिवस उन्हात वाळवली आहे, आता चार्जिंगला लावून बघा, असे मला सांगितले. पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी बाहेरून वाळली तरी आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. मी ती घराबाहेर, लाकूड-कागदापासून दूर ठेवायला लावली आणि कंपनीच्या सेवा केंद्राकडे पाठवली. ३६ व्होल्टच्या बॅटरीत दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ती ४२ व्होल्ट दाखवते, एवढे मल्टिमीटरवर वाचता येत नसेल तर ते झाकण उघडू नये. ज्या मुलाला याच कामात जायचे आहे त्याने आयटीआयमध्ये फिटरऐवजी इलेक्ट्रिशियनचा विचार करावा. तोही दोन वर्षांचाच आहे.

यातली कायद्याची बाजूही कोणीतरी समजावून सांगावी लागते. मोटर २५० वॉटच्या आत, मोटरच्या जोरावरचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरीशिवाय वजन ६० किलोपर्यंत असेल, तोवर ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. गिऱ्हाईक 'जरा वेग वाढवून द्या' म्हणते आणि नवखा मुलगा वेग अडवणारी वायर काढून देतो. त्या क्षणापासून मालक विनानोंदणी वाहन चालवत असतो.

सरकारी योजनांबद्दलही विचारणा होते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, न्हावी आणि शिंपी आहेत. सायकल दुरुस्ती नाही. तेव्हा त्या आशेवर कोर्स घेऊ नये. दुकान टाकायला मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज मागता येते आणि हत्यारांसाठी तेवढे पुरेसे आहे.

कामाला हात लागला का, ते पाहण्यासाठी

वर्षभरानंतर मुलाची परीक्षा घरीच घ्यावी. ३६ भोकांची रिम, हब आणि सुटे आरे देऊन त्याला चाक बांधायला सांगावे. आउट दोन्ही बाजूंना एक मिलीमीटरच्या आत हवा आणि रिम दोन्ही बाजूंच्या लॉकनटांच्या बरोबर मध्ये हवी. ते चाक लावून त्याने स्वतः सायकल आठवडाभर चालवावी, मग पुन्हा तपासावे; आरे सुटले असतील तर ताण कमी पडला होता. दुसरी परीक्षा चेनची. पोलादी पट्टीने एका पिनेच्या मध्यापासून मोजले तर नव्या चेनचे बारा इंच नेमके बाराव्या खुणेवर, पिनेच्या मध्यावरच येतात. ती पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच गेली असेल तर चेनसोबत मागची चक्रेही बहुधा खाल्ली गेली आहेत. हे माप न घेता 'चेन चांगली आहे' असे म्हणणारा मुलगा अजून शिकाऊच आहे. तिसरी परीक्षा आवळण्याची. कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचाच्या, लॉकरिंगवर ४० न्यूटन मीटर असे कोरलेले असते आणि हँडलच्या स्टेमवर बहुधा ५ किंवा ६. टॉर्क पान्याशिवाय दोन्ही बोल्ट आवळायला सांगावे आणि मग पान्याने पाहावे. स्टेमचा बोल्ट जवळजवळ सगळेच जास्त आवळतात; मीही आवळत होतो.

पहिल्या दिवशी दुकानात जाताना मुलाने सोबत एक वही, एक सहा इंची पोलादी पट्टी आणि स्वतःचा १५ मिलीमीटरचा पायडलचा पाना न्यावा. कोनचे पातळ पाने, आऱ्यांची चावी आणि ऍलनचा संच पहिल्या हातखर्चातून घेता येतात. अंगठी आणि मनगटी घड्याळ घरी ठेवावे, बाह्या दुमडाव्यात, आणि जून उजाडण्याआधी जावे. शाळा सुरू झाल्या की उस्तादांना शिकवायला वेळ नसतो.